राखणदाराचं बिऱ्हाड

आमच्या हेडबाई माणसांशी शुद्ध मराठीत बोलत आणि मधमाश्यांशी मालवणीत. चाळीत नळाला पाणी आलं की कोणीतरी गॅलरीतून ओरडायचं, "पाणी आला गोऽ!" बाई हंडा घेऊन बाहेर येत आणि तो नळाखाली लावण्याआधी शांतपणे म्हणत, "पाणी आलं." परळच्या एका म्युनिसिपल शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून त्या निवृत्त झाल्या होत्या. शाळा सुटली, पण डिलाईल रोडची त्यांच्या तावडीतून सुटका नव्हती. मात्र तोंडावर जाळी ओढून पोळ्यापुढे उभ्या राहिल्या की त्याच बाई लेकीबाळींशी बोलावं तसं कुजबुजत, "वायच सरका गो बायांनो. माका हात घालूक दिया. भिया नकात."

मी एकदा विचारलं, "बाई, माश्यांना मालवणी कळते?"

"माश्यांना कुठलीच भाषा कळत नाही," बाई म्हणाल्या. "मालवणीत बोललं की माझा हात कापत नाही, एवढंच."

बाईंच्या आणि आमच्या खोलीत एक भिंत सामाईक होती. पलीकडे बाई एकट्या, अलीकडे मी आणि माझी आई. बाईंचे यजमान फार पूर्वी गेले होते, मूलबाळ नव्हतं. वडिलांनी गावाला घराच्या भिंतीतल्या मडक्यांत मोहोळं पाळली होती, त्यामुळे माश्यांची भीती बाईंना लहानपणापासूनच नव्हती. नोकरीत असेपर्यंत हा उद्योग सुट्टीतल्या गावापुरता होता. निवृत्तीनंतर कुणीतरी दादरच्या एका सोसायटीत पोळं जाळताना बाईंनी पाहिलं, आणि रस्त्यावर उभं राहून त्या सगळ्या इमारतीला जे काही सुनावलं, त्यानंतर त्या इमारतीचीच पुढची दोन पोळी बाईंनी काढली. तिथून त्यांचा नंबर तोंडोतोंडी फिरायला लागला.

फोन करणारे लोक हवालदिल झालेले असत. बाईंच्या आवाजात मात्र हजेरी घेतल्यासारखा कोरडेपणा. "तुम्ही किती घाबरलात ते मागाहून सांगा. माश्या कुठे बसल्यात ते आधी सांगा." मग उलटतपासणी. पोळं एकच की एकापाठोपाठ बरीच, उघड्यावर की पोकळीत, माशी केवढी. अंधाऱ्या पोकळीत राहणारी सातेरी असली तर बाई खुलत, कारण ती पेटीत नांदते. उंच इमारतीच्या सज्जाखाली लटकणारं आग्या मोहोळ असलं तर म्हणत, "तिला पेटी मानवत नाही. तिला मान द्यायचा आणि दुरून जायचं. हंगाम संपला की ती स्वतःहून जाते. तुमच्यासारखी पागडी मागत नाही."

त्यांच्या पिशवीत काय असे, ते मला पाठ झालं होतं. यजमानांचा जुना शर्ट आणि पँट, उन्हाळी हॅटला मच्छरदाणी शिवून केलेलं शिरस्त्राण, पाव कापायची सुरी, धुरासाठी धुपाटणं आणि नारळाची सोडणं. शिवाय दादरच्या फुलबाजारातून आणलेलं केळीचं सोपट, ज्याने हारवाले हार बांधतात ते. पोळ्याचे काप काढून लाकडी चौकटींना बांधायला बाईंना सोपटच लागे. दोरा आणलात तर परत पाठवत. "दोऱ्यात माशीचे पाय अडकतात. सोपट ती स्वतः कुरतडून टाकते. तिचं घर तिने बांधलं की आपली गाठ तिथे कशाला?" गाठीबद्दल त्यांचं असं मत असलं तरी सुरीबद्दल मात्र फार हट्टी होत्या. जन्मात त्यांनी ती कुणाच्या हातात दिली नाही. मी बरोबर जायला लागले तेव्हा माझं काम धुपाटण्याला फुंकर घालणं, आणि बाई राणीला शोधत असताना तोंड बंद ठेवणं. दुसरं काम मला जास्त जड गेलं.

आता त्यांच्या खऱ्या कसबाकडे येते. पोळं काढण्याआधी बाई गाऱ्हाणं घालत. आमच्या कोकणात कुठल्याही शुभकार्याआधी कुणीतरी जाणता माणूस देवापुढे उभा राहून सगळ्यांच्या वतीने मागणं मांडतो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला बाकीचे एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणतात. बाई ते माश्यांपुढे घालत. आणि नुसतं घालत नसत. इमारतीतल्या झाडून सगळ्यांना खाली बोलावून रांगेत उभं करत.

माटुंग्याला एका जुन्या इमारतीत एसीच्या खोक्यामागे सातेरी बसली होती. घरात एक वयस्कर तमिळ बाई होत्या, त्यांना सगळे अम्मा म्हणत. अम्मांना मराठी येई, पण गाऱ्हाणं हा प्रकार नवा होता. बाई हात जोडून सुरू झाल्या, "बायांनो, ह्या घरच्या माणसांनी तुमका आसरो दिलो, आता तुमका दुसऱ्या जाग्यार नेतंय. कोणी कोणाचा वायट चिंतूचा नाय, रे म्हाराजा!" कुणालाच काय म्हणायचं ते समजेना. बाईंनी मागे वळून वर्गावर टाकावी तशी नजर टाकली. तेव्हा अम्मा सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांहून मोठ्याने ओरडल्या, "होय महाराजा!" त्यांना ते इतकं आवडलं की पुढे इमारतीमागच्या बागेत त्यांनी स्वतःच एक पेटी ठेवून घेतली, आणि बाईंची बरीच पोळी तिथल्या झाडांखाली नांदायला जाऊ लागली.

परतताना मी बाईंना म्हटलं, "तुमचा विश्वास आहे का हो या सगळ्यावर?"

"विश्वासाचा काय संबंध?" बाई म्हणाल्या. "चार लोकांसमोर 'व्हय' म्हटलेला माणूस पाठ फिरल्यावर पेस्ट कंट्रोलला फोन करत नाही. लाजतो. मी अख्खी शाळा यावर चालवली आहे."

केवळ माश्यांच्याच बाबतीत नव्हे, बाईंच्या मते माणसाने सगळ्याच प्राण्यांशी शेजाऱ्यासारखं वागायला हवं होतं, म्हणजे थोडं भांडत आणि बरंचसं दुर्लक्ष करत. चाळीच्या अंगणातल्या माडावर घारीने घरटं केलं आणि ती येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोक्यावर झेप घ्यायला लागली, तेव्हा माड तोडायची भाषा सुरू झाली. बाईंनी फतवा काढला की अंगण ओलांडताना प्रत्येकाने छत्री नाहीतर टोप डोक्यावर धरावा. भर उन्हात ऑफिसला निघालेले पुरुष छत्र्या उघडून आणि बायका ॲल्युमिनियमचे टोप डोक्यावर घेऊन चालल्या आहेत, हे दृश्य समोरच्या कॉर्पोरेट इमारतीतले लोक काचेला नाक लावून बघत. "तिची पोरं उडाली की तुमची डोकी मोकळी," बाई म्हणत. पोरं उडाली. डोकी मोकळी झाली. माड राहिला.

मग एके वर्षी सातेरीने आमच्याच भिंतीत घर केलं.

आमच्या आणि बाईंच्या खोलीमधल्या भिंतीत पूर्वी कधीतरी एक झरोका होता, तो दोन्हीकडून फळ्या ठोकून बंद केला होता. त्याच पोकळीत. गॅलरीच्या बाजूला एक फट होती, तिच्यातून त्यांची ये-जा. माझ्या आईला आधी वाटलं फ्रिज बिघडला. मग तिने भिंतीला कान लावला आणि म्हणाली, "नंदा, भिंत गुणगुणते गो." मी बाईंबरोबर इतकी पोळी काढली होती, पण स्वतःच्या उशाशी हजारो माश्या म्हटल्यावर माझी तत्त्वं पार ढेपाळली. पेस्ट कंट्रोल बोलवा म्हणणाऱ्यांत मी पहिली होते, हे लपवण्यात अर्थ नाही, कारण बाईंनी ते पुढे कधीच कुणाला विसरू दिलं नाही.

"पेटीत घालून न्या मग," मी म्हटलं.

"पोळं कोवळं आहे, वर पावसाचे दिवस. आता हलवलं तर मरतील," बाई म्हणाल्या. "भिंत तुझी, माश्या माझ्या. राहू दे."

पण प्रश्न एकट्या माझा नव्हता. चाळीच्या कमिटीचे सेक्रेटरी तात्या परब. आवाज भजनी, अंगकाठी काडीसारखी, आणि चाळीतला प्रत्येक खिळा आपल्या मालकीचा आहे असा कायमचा चेहरा. तात्यांनी फवारणीवाल्याला सांगूनही ठेवलं होतं. तेव्हा बाईंनी आपलं ठेवणीतलं शस्त्र काढलं आणि त्याला जरा जास्तच धार लावली. संध्याकाळी सगळ्यांना गॅलरीत बोलावलं, फटीपुढे उदबत्ती लावली आणि माश्यांना एकदम बढती देऊन टाकली. "बा ह्या चाळीच्या राखणदारा, म्हाराजा! तू आपणहून आमच्या भिंतीत येवन बसलंस. ह्या चाळीतल्या पोराबाळांक सांभाळ, कोणाक डसू नको, आणि आमीय तुका त्रास दिवचंव नाय, रे म्हाराजा!"

राखणदार म्हणजे जागेचा रक्षक. कोकणात प्रत्येक वाडीला असतो, मग आमच्या चाळीला का नसावा? "व्हय म्हाराजा!" सगळी गॅलरी दुमदुमली. तात्यांचा आवाज सगळ्यांत वर होता. फवारणीवाला त्यांनीच परत पाठवला.

त्यानंतर जे होत गेलं, ते बाईंनी बघितलं आणि चालू दिलं, कारण ते सोयीचं होतं. फटीपुढे रोज कुणी ना कुणी उदबत्ती लावून जाई. परीक्षेला जाणारी पोरं भिंतीला हात लावून जात. तिसऱ्या खोलीतल्या धुरी वहिनींच्या सुनेला बऱ्याच वर्षांनी दिवस गेले, त्याचं श्रेय डॉक्टरांना अर्धं आणि भिंतीला अर्धं मिळालं. वर्षाची राखण द्यायची म्हणून तात्यांनी एकदा चक्क कोंबडा आणला. बाईंनी राखणदार शाकाहारी आहे असं जाहीर केलं, नारळ ठेवायला लावला, आणि रविवारी त्या कोंबड्याचे वडे-सागोती आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्ली. मीसुद्धा हळूहळू त्या गुणगुणीला सरावले. आई आजारी पडली, तेव्हा ती म्हणायची की भिंतीकडे कूस केली की बरं वाटतं. आई गेली त्या दिवसांत मीही त्याच भिंतीला पाठ लावून बसत असे. भिंत कोमट असायची. बाई पलीकडून यायच्या, चहाचा कप ठेवायच्या आणि जायच्या.

आणि मग चाळ पाडायचं ठरलं. इतकी वर्षं नुसतंच ऐकत होतो, ते अचानक खरं झालं. टॉवर उभा राहीपर्यंत प्रत्येकाने आपली सोय बघायची. कोणी विरार, कोणी डोंबिवली, कोणी बदलापूर. मी दादरला एक खोली भाड्याने घेतली. सामान बांधायच्या गडबडीत बाई एकट्याच रोज भिंतीकडे बघून जात होत्या. चाळीवर हातोडा पडायच्या आत पोळं निघालं नाही तर ते विटांखाली गाडलं जाणार होतं. अम्मांची बाग तयार होती, पेटी तयार होती, हंगामही बरा होता.

पण चाळ तयार नव्हती. "राखणदार जागो सोडूचो नाय," तात्या म्हणाले. "त्येका उठवलात तर पाप लागात." आणि धुरी वहिनींपासून सगळ्यांनी माना डोलावल्या.

बाईंनी अंगणात सभा बोलावली. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना चार लोकांत चूक कबूल करताना पाहिलं. त्या म्हणाल्या, "हे बघा. राखणदार वगैरे मी त्या वेळी म्हटलं होतं, ते तुम्ही फवारणी करू नये म्हणून. त्या साध्या मधमाश्या आहेत. मी तुम्हाला फसवलं म्हणा हवं तर."

कुणालाच धक्का बसला नाही. धुरी वहिनी समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "बाई, तुमी कशाक म्हटलास त्येचो काय संबंध? राखणदार तो राखणदारच ना?"

"देव कोणाच्या तोंडान बोलात, ता काय सांगता येता?" तात्यांनी शिक्कामोर्तब केलं.

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. एवढी हरलेली मुख्याध्यापिका मी कधी पाहिली नव्हती. मला हसू आवरेना, आणि त्यांचा चेहरा बघून हसवेना. शेवटी असं ठरलं की गावच्या देवाला कौल लावावा. तात्यांनी व्हिडिओ कॉल लावला. गावच्या देवळात गुरव फोन धरून उभा, इथे मोबाइलभोवती अख्खी चाळ. तात्यांनी प्रश्न सांगितला. गुरवाने तो नीट ऐकून घेतला आणि म्हणाला, "तात्यानू, तो तुमच्या मुंबयच्या जाग्याचो राखणदार. त्येका थंयच विचारा. आमच्या देवाक कित्याक मधी घालतास?" आणि फोन ठेवला.

मी बाईंना म्हटलं, "कशाला एवढं? परवा सगळे टेम्पो भरायच्या गडबडीत असतील. आपण दोघी तुमच्या खोलीतून फळी काढू आणि घेऊन जाऊ. कुणाला कळणारसुद्धा नाही."

बाई म्हणाल्या, "नंदा, या लोकांना मीच 'व्हय' म्हणायला लावलं. आता त्यांच्या पाठीमागून नेऊ?"

त्या तशाच उठल्या आणि तात्यांच्या खोलीत गेल्या. मी मागोमाग. तात्या रिकाम्या खोलीत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या तसबिरींजवळ बसले होते. बाई त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या. त्यांनी विचारलं, "तात्या, खरं सांगा. तुम्हाला पापाची भीती वाटते?"

तात्यांनी नकारार्थी मान हलवली. "बाई, तुमी शिकलेल्या. तुमच्यापाशी खोटा कशाक बोलू? त्येका हलवलो म्हणजे आमी जातलंव, ह्या खरा झाला."

मला वाटलं, आता त्या काहीतरी समजावतील, दाखला देतील. त्यांनी फक्त तात्यांच्या तसबिरींवरचं सुटलेलं वर्तमानपत्र नीट गुंडाळलं. मग म्हणाल्या, "उद्या दुपारी गाऱ्हाणं तुम्ही घाला. मी मागे उभी राहते. तुम्हाला जमलं नाही, तर मी पोळ्याला हात लावणार नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे गॅलरीत जमले. अर्ध्या खोल्यांना कुलपं लागली होती. तात्या धुतलेलं धोतर नेसून फटीपुढे उभे राहिले. बाई खरोखरच मागे, धुरी वहिनींच्या शेजारी उभ्या होत्या. तात्यांनी घसा साफ केला.

"बा राखणदारा, म्हाराजा! आज ह्या चाळीची माणसां चारय दिशांक चलली असत. धुरींचो संसार डोंबिवलीक चललो. गावड्यांचो बदलापुराक. माझा म्हाताऱ्याचा बिऱ्हाड विरारात. ही नंदा, आवशीमागे एकटी, ती दादरात ऱ्हवतली. जो तो जंय जायत, थंय तू त्येच्या पाठीशी उभो रव, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आमी हंयसून उठतंव, तसो तूय आता ऊठ. बाईंच्या हातान तुका नेतंव. काय चुकला-माकला असात तर पोटात घाल, रे..." इथे तात्या थांबले. घर न् घराचं नाव घेतलं होतं, एक राहिलं होतं. ते मागे वळले. "बाई, तुमी खंय चललात?"

आणि तेव्हा लक्षात आलं की हे कुणालाच माहीत नाही. मलाही नाही. पेटी कुठे जाणार, कुठल्या झाडाखाली ठेवणार, तोंड कुठल्या दिशेला करणार, हे सगळं त्या महिनाभर सांगत होत्या. स्वतःबद्दल अवाक्षर नव्हतं, आणि आम्ही कुणी विचारलंही नव्हतं. बाई पदराशी चाळा करत राहिल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "पनवेलला. भाचीकडे. तिने ये म्हटलंय."

तात्या पुन्हा भिंतीकडे वळले. आवाज फाटला होता तरी त्यांनी तो वर चढवला. "आमच्या बाईंका पनवेलीत सांभाळ. त्येंनी सगळ्यांची सोय बघली. त्येंची तू बघ, रे म्हाराजा!"

त्या वेळचं "व्हय म्हाराजा" मी विसरू शकत नाही. धुरी वहिनी तर रडतच म्हणाल्या. बाई मात्र नाक पुसून, हॅट डोक्यावर घालून, सुरी घेऊन खोलीत गेल्यासुद्धा.

फळी काढली तेव्हा आतली पोळी एखाद्या ग्रंथासारखी ओळीने लटकलेली होती. बाईंनी एकेक काप काढून चौकटीत बांधला. राणी सापडायला वेळ लागला, सापडली तेव्हा बाई तिला म्हणाल्या, "इलंय गो माय, लपतंस कित्याक?" आणि काड्यापेटीत अलगद धरून पेटीत सोडली. मग पेटी गॅलरीत ठेवून संध्याकाळपर्यंत बसून राहिलो, कारण फुलांवर गेलेल्या माश्या घरी परतल्याशिवाय तोंड बंद करायचं नसतं. चाळीतले लोकही घरी जाईनात. शेवटची माशी आत शिरली असं बाईंनी सांगितलं, तेव्हा तात्यांनी स्वतः पेटी उचलून टॅक्सीत ठेवली.

माटुंग्याला पोळं छान रुळलं. बाई पनवेलहून फोन करून अम्मांना भंडावून सोडत. मुंग्या लागल्या का, ऊन येतं का. मग पुढच्या वर्षी एकाएकी अम्मांचा मला फोन आला, पेटी रिकामी आहे. सातेरीचं असंच असतं, जागा मनातून उतरली की सगळं कुटुंब उठून जातं. बाईंना हे सांगायला मी स्वतः पनवेलला गेले. भाचीच्या घरच्या बाल्कनीत बाई पाय वर घेऊन बसल्या होत्या, बऱ्याच वाळल्या होत्या. ऐकून म्हणाल्या, "गेल्या? बरं झालं. चालत्या झाल्या म्हणजे धडधाकट होत्या."

मी तिथे असतानाच तात्यांचा फोन आला. विरारला त्यांच्या इमारतीच्या सज्जाखाली मोहोळ लागलं होतं. "बाई, फोटो धाडलंय. आपलोच असा काय बघा."

बाईंनी चष्मा लावून फोटो पाहिला. मीही पाहिला. काळंभोर, टोपल्याएवढं आग्या मोहोळ. सातेरीची ती जातच नव्हे. आता तात्यांची शिकवणी सुरू होणार, म्हणून मी सरसावून बसले.

"हो तात्या," बाई फोनमध्ये म्हणाल्या. "आपलाच आहे. कुणाला हात लावू देऊ नका."

फोन ठेवल्यावर मी त्यांच्याकडे बघतच राहिले. म्हटलं, "बाई, ती आग्या आहे. आणि माटुंग्याहून विरारला?"

"तो चौकशीचा फोन होता का?" बाई माझ्यावर डाफरल्या. "विरारला तो माणूस एकटा बसलाय. त्याच्याकडे राखणदार आलाय. तू मध्ये भूगोल काढू नकोस."

मग कळलं की हा पहिला फोन नव्हता. बदलापूरच्या गावड्यांकडे आपलाच होता. नालासोपाऱ्याच्या एका झाडावरही आपलाच होता. ज्या बाईंनी जन्मभर कुणाचं "पाणी आला" खपवून घेतलं नाही, त्यांनी चारी दिशांना बिनदिक्कत आपलाच राखणदार वाटून टाकला होता, आणि त्यातलं एकही पोळं कुणी जाळलं नव्हतं.

बाई त्याच हिवाळ्यात गेल्या. दुपारी जेवून आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत. पनवेलच्या त्या अनोळखी इमारतीखाली आमची अख्खी चाळ पुन्हा एकदा जमली, आणि भाचीला हे एवढे लोक कोण ते कळेना. मला त्यांची फार आठवण येते. दादरच्या माझ्या खोलीची भिंत गार असते, तिला पाठ लावून बसण्यात अर्थ नाही.

आता फोन मला येतात. मागच्या रविवारी धुरी वहिनींनी डोंबिवलीहून फोटो पाठवला. त्यांच्या स्वयंपाकघराच्या ग्रिलला घर केलेलं होतं. मी तो मोठा करून पाहिला. सातेरी नाही, आग्या नाही. मधमाश्याच नव्हत्या त्या, गांधीलमाश्या होत्या. "वहिनी, या तर" एवढं मी लिहिलं, थांबले, पुसून टाकलं आणि फोन लावला.

"वहिनी, ती खिडकी थोडे दिवस लोटून घ्या. नातवाला तिथे जाऊ देऊ नका. फवारू मात्र नका," मी म्हटलं. "आपलाच आहे."

"माका वाटलाच," वहिनी म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "बाईनीच धाडल्यानी आसतलो, नाय गो?"

"हो," मी म्हटलं. "त्यांनीच."